आपले गाव कोणते?

ठाण्यात कोणाशीही नवी ओळख झाली की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला एक प्रश्न हमखास येतो. सोसायटीच्या सभेत, दवाखान्याच्या बाकावर किंवा कर्जत लोकलच्या महिलांच्या डब्यात, आडनाव कळले की समोरची बाई विचारते, "गाव कोणतं तुमचं?" या प्रश्नाला 'ठाणे' हे उत्तर चालत नाही. विचारणाऱ्याला मूळ गाव हवे असते. जिथे आपण गणपतीला किंवा जत्रेला जातो, जिथे कुलदैवत असते आणि सातबाऱ्यावर पंधरा भावकीदारांच्या नावांत कुठेतरी आपलेही नाव असते, ते गाव. मी व्यवसायाने मानवशास्त्रज्ञ. स्थलांतर, निर्वासितांच्या छावण्या आणि सीमा हे माझे अभ्यासविषय. ढोबळ भाषेत सांगायचे तर सुमारे तीस वर्षे हाच एक प्रश्न निरनिराळ्या लोकांना विचारण्यासाठी मला पगार मिळाला, आणि त्यातली निदान पहिली दहा वर्षे तो मी चुकीच्या रीतीने विचारला.

माझ्या वडिलांना हा प्रश्न कोणी केला की ते एकच शब्द उच्चारत: "कोयनेत." ऐकणाऱ्याला वाटे, कोयनानगरला असेल. वडील त्याची दुरुस्ती करत नसत. आमचे गाव जावळी तालुक्यात होते आणि कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागला तेव्हा ते पाण्याखाली गेले. वडील त्याआधीच गिरणीतल्या नोकरीसाठी मुंबईला आले होते. पुढे ते वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात लागले आणि आम्ही ठाण्याच्या कोपरी भागात राहू लागलो. आजोबांना तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला खाजणाशेजारची भाताची खाचरे आली. ती त्यांनी मन लावून कसली असे म्हणवत नाही. आमच्या घरात 'विस्थापित' हा शब्द कोणी वापरत नसे, आणि सरकारी कागदावर आम्ही 'धरणग्रस्त' होतो. या 'ग्रस्त'ची मला लहानपणी मोठी गंमत वाटे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त तसे धरणग्रस्त, जणू धरण हीदेखील आकाशातून कोसळणारी एखादी आपत्ती असावी.

कोपरीत आमच्या शेजारी सिंधी कुटुंबे होती. तीही कुठून तरी येऊन राहिलेली. पण त्यांना 'निर्वासित' म्हणत आणि आम्हाला कोणी निर्वासित म्हणत नसे. हा फरक का, असे मी आठवीत असताना वडिलांना विचारले होते. ते म्हणाले, "त्यांना परदेशातून यावं लागलं. आपण आपल्याच देशात आहोत." १९५१ च्या जिनिव्हा कराराचा मजकूर पुढे अभ्यासाला आला तेव्हा लक्षात आले की वडिलांनी त्याचा गाभा दोन वाक्यांत सांगून टाकला होता. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे होणाऱ्या छळाच्या साधार भीतीपोटी जो आपल्या देशाबाहेर आहे, तो निर्वासित. देशाबाहेर ही अट महत्त्वाची. आंतरराष्ट्रीय रेषा न ओलांडता ज्याचे सर्वस्व जाते, त्याच्यासाठी तसा जागतिक करार नाही. १९९८ साली संयुक्त राष्ट्रांत मार्गदर्शक तत्त्वे मांडली गेली, पण ती तत्त्वेच. भारताने तर १९५१ च्या करारावर किंवा १९६७ च्या त्याच्या पूरक करारावर सहीच केलेली नाही. २०२४ च्या अखेरीस जगात बळजबरीने घर सोडावे लागलेल्या माणसांची संख्या १२ कोटी ३२ लाख होती आणि त्यांतील ७ कोटी ३५ लाख आपापल्या देशातच होती. माझे आजोबा यांपैकी कोणत्याही मोजणीत बसले नसते, कारण त्यांचे घर युद्धाने नव्हे, विकासाने नेले.

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी उल्हासनगर निवडले, आणि त्यामागे विद्वत्ता फारशी नव्हती. लोकलचा पास होता आणि वसतिगृहाचा खर्च परवडणारा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना त्या छावणीच्या बराकींत ठेवण्यात आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. त्याला आता पाऊणशेहून अधिक वर्षे उलटली. महानगरपालिका आहे, फर्निचरचा आणि जीन्सचा मोठा बाजार आहे, पण रिक्षावाला आजही "कॅम्प तीन की चार?" असेच विचारतो. तात्पुरते म्हणून दिलेले नाव कायमच्या नावाहून चिवट निघाले.

माझ्याकडे चक्रमुद्रित प्रश्नावली होती. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, मूळ गाव, आल्याची तारीख, येण्याचे कारण, सोबतच्या व्यक्ती. एका बराकीत, जिच्या मधल्या भिंती पाडून आणि वर माळा चढवून तिचे घर झाले होते, एक वृद्ध बाई भेटल्या. सगळे त्यांना अम्मा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. सिंधमधले हैदराबाद हे त्यांचे गाव. १९४८ च्या जानेवारीत कराचीत दंगल उसळली तेव्हा घरातल्यांचा उरलासुरला धीर सुटला, आणि कराचीहून बोटीने ते मुंबईच्या गोदीत उतरले. हे सगळे रकान्यांत नीट बसत होते. मग मी घराविषयी विचारले. अम्मांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "क्लेमवाला घर बताऊँ, या असली वाला?"

क्लेम हा त्या पिढीच्या तोंडचा रोजचा शब्द. मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई मिळावी म्हणून प्रत्येक कुटुंबाने अर्ज भरले होते. १९५४ च्या कायद्याने त्या भरपाईची व्यवस्था लागली. अर्जात घराच्या खोल्या, लांबी-रुंदी, पक्के की कच्चे, अंदाजे किंमत असा तपशील द्यावा लागे, आणि तो अधिकाऱ्यासमोर, साक्षीदारांसमोर पुन्हापुन्हा सांगावा लागल्यामुळे कुटुंबातल्या प्रत्येकाला पाठ झाला होता. क्लेमवाले घर अम्मांनी मला तीन मिनिटांत सांगितले. असली घराला दुपार लागली. त्या घराच्या छपरावर मंघ होते, म्हणजे नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे तोंड करून उभारलेले वारा-खेचे; उन्हाळ्याच्या रात्री त्यांतून खाली येणारा गार झोत ज्या खोलीत पडे, त्या खोलीत झोपण्यावरून बहिणींची भांडणे होत. मंघाला क्लेममध्ये रकाना नव्हता. माझ्या प्रश्नावलीतही नव्हता. मी घरी येऊन 'मूळ घर: पक्के, खोल्या नऊ' असे लिहिले आणि प्रबंधाला उत्तम गुण मिळाले. मंघाची नोंद वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने केली होती, एवढीच माझी बाजू.

त्या काळी मला वाटे की अम्मा विनोद करत होत्या. खरे तर त्या मला माझ्या विषयातली सर्वांत अवघड गोष्ट शिकवत होत्या. संशोधकाची प्रश्नावली आणि सरकारी अर्ज ही सख्खी भावंडे आहेत. दोघांचे रकाने जवळजवळ तेच असतात, दोघांच्या हातात पेन असते, आणि ज्याला सगळे गमावून यावे लागले आहे तो माणूस पेन धरलेल्या हाताला काय हवे आहे हे पहिल्या वाक्यात ओळखतो. आपण त्याला 'माहिती देणारा' म्हणतो. तो आपल्याला अर्ज समजतो.

हे कळायला मला आणखी दहा वर्षे आणि तमिळनाडू लागले. १९९७ मध्ये मी रामेश्वरमच्या अलीकडे, पांबन पुलाच्या मुख्य भूमीकडच्या अंगाला असलेल्या मंडपम छावणीत काम करू लागले. श्रीलंकेतल्या जुलै १९८३ च्या दंगलींपासून तिथले तमिळ लोक बोटींनी पलीकडून येत होते. नावाडी त्यांना धनुष्कोडीजवळच्या वाळूच्या उंचवट्यांवर सोडून अंधारातच परत फिरत, आणि तिथून त्यांना मंडपमला आणले जाई. महिन्याचे रोख साहाय्य, स्वस्तातले धान्य, ठरलेल्या दिवशी हजेरी, आणि सगळ्यांवर पोलिसांच्या क्यू ब्रँचची, म्हणजे गुप्तवार्ता शाखेची, नजर. राजीव गांधींच्या हत्येनंतर संशयाचे वातावरण दाट झाले होते आणि बाहेरच्या माणसाला आत जाण्याची परवानगी दुर्मीळ होती. मला ती मिळाली याचा मी बरीच वर्षे अभिमान बाळगला. संध्याकाळी सहा वाजता मी फाटकातून बाहेर पडत असे आणि ज्यांचा अभ्यास करत होते ती माणसे आत राहत. यावर मात्र एकही पान लिहिलेले नाही.

तिथे दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने माझा पहिला प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तरे द्यायला सुरुवात केली. नाव, वडिलांचे नाव, गाव, बोट कुठून सुटली, किती जण होते, कोणाला किती पैसे दिले. क्रम तोच आणि स्वर शाळेत पाढे म्हणतात तसा. मी थांबवल्यावर तो गोंधळला आणि दुभाष्याला म्हणाला की अजून दोन प्रश्न राहिले आहेत. त्या दिवशी मी प्रश्नावली पिशवीत ठेवली ती पुन्हा काढली नाही. त्याऐवजी मी विचारू लागले की रात्री पोर तापले तर कोणाचे दार वाजवता, साखर संपली तर कोणाकडे मागता आणि कोणाकडे मरेपर्यंत मागणार नाही. या प्रश्नांची पाठ केलेली उत्तरे कोणाकडेच नव्हती. उत्तरांतून छावणीचा एक वेगळाच नकाशा उलगडत गेला: ज्यात बोटीतली ओळख रक्ताच्या नात्याहून जवळची होती आणि एकाच गावची दोन घरे एकमेकांशी बोलत नव्हती.

मंडपमची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ब्रिटिश काळात सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, चहामळ्यांवर जाणाऱ्या तमिळ मजुरांना याच मंडपमच्या छावणीत ठेवून, तपासून, मग पलीकडे पाठवत. १९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झाल्यावर तिथल्या नागरिकत्व कायद्याने या मळेकऱ्यांना कोणत्याच देशाचे ठेवले नाही. १९६४ च्या शास्त्री-सिरिमाओ कराराने ९ लाख ७५ हजार माणसांची वाटणी केली: ५ लाख २५ हजार भारताकडे, ३ लाख सिलोनकडे, उरलेल्या दीड लाखाचे नंतर पाहू. वाटणी हाच शब्द योग्य आहे. भावकीत भांडी वाटतात तशी ती झाली. यांतील काही कुटुंबे मळे सोडून उत्तरेकडे वावुनियाच्या बाजूला सरकली, तिथून युद्धाने उठली आणि बोटीने मंडपमला पोहोचली. अशाच एका माणसाने मला सांगितले की त्याचा आजा याच फाटकातून गेला होता आणि तो याच फाटकातून आला. त्याचे मूळ गाव कोणते? तिरुचिरापल्लीजवळचे, जे त्याने पाहिलेले नाही. मळ्यावरचे, ज्याने त्याला नागरिक मानले नाही. की वावुनियातले, जिथे त्याची विहीर आहे? त्याने अर्जावर वावुनिया लिहिले होते. कारण विचारले तर म्हणाला, विहीर मी खणली.

माणूस छावणीत राहतो की शहरात विरून जातो, याने तो स्वतःची गोष्ट कशी सांगतो हे ठरते, असे लीसा माल्की या अभ्यासकबाईंनी १९८०च्या दशकात टांझानियात दाखवून दिले. बुरुंडीतून १९७२ साली पळालेले हुतू लोक मिशामोच्या छावणीत होते आणि त्याच वेळी काही किगोमा शहरात होते. छावणीतल्यांनी आपल्या परागंदा होण्याचा एक भव्य, सामाईक इतिहास रचला होता. शहरातल्यांनी तो खांद्यावरून उतरवून ठेवला होता, आणि गरजेप्रमाणे ते कधी या गावचे तर कधी त्या गावचे होत. हे वाचताना मला उल्हासनगर आणि आमची कोपरी एकामागोमाग एक दिसत राहिली, जरी कोपरीतले सिंधी शेजारी स्वतःला विरून गेलेले म्हणवून घेणार नाहीत. 'शरणार्थी' म्हटले तर त्यांच्यातले वडीलधारे ताडकन म्हणत, "शरणार्थी नहीं, पुरुषार्थी." हे सांगताना हात दुकानाच्या पाटीकडे असे.

पश्चिम बंगालमधल्या कूचबिहारच्या छिटमहालांत, म्हणजे एका देशाने चहूबाजूंनी वेढलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांत, मी गेले ती सीमा पाहायला, आणि पाहिला तो पुन्हा अर्जाचा रकानाच. भारतातील ५१ तुकडे बांगलादेशाचे आणि बांगलादेशातील १११ तुकडे भारताचे, असा तो विचित्र वारसा. कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळात गावे पणाला लावत, ही त्याची लाडकी दंतकथा. मशालडांग्यासारख्या बांगलादेशी तुकड्यातल्या मुलाला भारतीय शाळेत जायचे तर भारतीय बाप हवा. म्हणून शेजारच्या गावातल्या एखाद्या भल्या माणसाचे नाव 'वडिलांचे नाव' या जागी लिहिले जाई. दाखल्यावर एक बाप, घरी दुसरा. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री तुकड्यांची अदलाबदल झाली आणि कागदोपत्री ही माणसे रातोरात भारतीय झाली. वर्षभराने मी पुन्हा गेले तेव्हा एक तरुण सांगत होता की आता खऱ्या बापाचे नाव लावायचे तर दहावीचा दाखला खोटा ठरतो.

या विषयातली माझी सर्वांत हास्यास्पद आठवण मात्र सीमेवरची नाही. सीमांच्याच अभ्यासावर भरलेल्या एका परदेशी परिषदेसाठी मला व्हिसा नाकारण्यात आला. खिडकीपलीकडच्या तरुणाने वडिलांचे नाव, जन्मगाव, जाण्याचे कारण आणि सोबत कोण हे सगळे त्याच क्रमाने विचारले आणि मी परत येईन याची खात्री पटत नाही असे कळवले. माझा निबंध तिथे दुसऱ्याने वाचून दाखवला.

इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशातल्या म्यिन्जानचा आणि नाव तिथल्या इरावती नदीवरून, हे मराठी वाचकांना बहुधा ठाऊक असते. त्यांनी जाई निंबकर यांच्यासह कोयनेच्या विस्थापितांची पाहणी केली आणि ती १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली, हे कमी जणांना ठाऊक असते. मला ती पाहणी हाती लागली तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती आणि आफ्रिकेतल्या धरणांवरचे सगळे वाङ्मय वाचून झाले होते. एवढ्या दूरच्या माणसांची दुःखे कोळून प्यायल्यावर आपल्या आजोबांविषयी कोणी लिहिले आहे का, हा विचार मनात येऊ नये, ही लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे. वडिलांना मी त्यातला काही भाग वाचून दाखवला. बराच वेळ ऐकून त्यांनी विचारले, "आमच्या उंबराचं काही लिहिलंय का?"

२०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, माजिवड्याच्या चौकात आम्ही काही जण पाण्याच्या बाटल्या आणि केळी घेऊन उभे राहत असू. मुंबई-नाशिक महामार्गावरून माणसे खारेगाव, भिवंडी, पडघा करीत कसाऱ्याच्या घाटाकडे चालत होती. त्या दिवसांत मुलुंड आणि ठाणे यांच्या मधोमध, जिथे एके काळी जकातीसाठी ट्रक अडवत आणि ज्याला आजही सगळे चेकनाकाच म्हणतात, तिथे खरोखरच पास दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. सीमा पाहण्यासाठी मी आयुष्यभर रेल्वेने दोन-दोन दिवस प्रवास केला होता आणि ती आता घरापासून एका रिक्षाच्या अंतरावर आली होती. सवयीने मी एका कुटुंबाला विचारले, "कहाँ से?" पुरुष थांबलाच नाही. बाईने केळी पदरात घेत उत्तर दिले, "गाँव." कुठून निघालो हे तिने सांगितले नाही, कुठे चाललो ते सांगितले.

गेल्या वर्षी घरातल्या न्हाणीघराची लादी बदलायला घेतली. ठेकेदाराने पाठवलेला कारागीर तिशीचा असेल, कामाला फार नेटका. पहिल्याच सकाळी अवजारे खाली ठेवायच्या आधी त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले आधार कार्ड, मतदार ओळखपत्र आणि शाळेचा दाखला काढून माझ्यासमोर धरले. मी काही विचारले नव्हते. "मालदा," तो म्हणाला, "पश्चिम बंगाल. इंडिया." बांगला बोलणाऱ्या मजुराला या दिवसांत प्रश्न येण्याआधीच उत्तर हातात धरून चालावे लागते. मी कार्डे न पाहता परत दिली आणि चहा ठेवला. तीस वर्षांत एवढे शिकले होते.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानेच विचारले, "आंटी, आप का गाँव?" मी नेहमीप्रमाणे कोयना म्हणणार होते, पण सगळे सांगितले: धरण, पाणी, उन्हाळ्यात पातळी खाली गेली की कधी कधी दिसतो म्हणतात तो देवळाचा चौथरा. त्याला नवल वाटले नाही. त्याचेही गाव पाण्यात गेले होते. फरक्क्याचे धरण झाल्यापासून त्याच्या वरच्या अंगाला गंगा डावा काठ कापत मालद्यात शिरत गेली, आणि त्याच्या आजाने तीन वेळा घर मागे हटवले. पण गंगा जे या काठाचे नेते ते दुसरीकडे आणून टाकते. बुडालेली जमीन पुढे नदीच्या पलीकडे, झारखंडच्या बाजूला, चर म्हणजे नदीतले गाळाचे बेट होऊन वर आली. आता त्याचे चुलते तिथे कलाई, म्हणजे उडीद, पेरतात आणि ती जमीन कोणत्या राज्याची यावर वाद आहे.

"मग दाखल्यावर गाव कुठलं लिहिता?" मी विचारले.

"जो डूब गया, वही," तो म्हणाला, आणि डबा धुऊन उठला. न्हाणीघरातून त्याने हाक मारली की भिंतीच्या कडेची पट्टी चार इंचाची लावायची की तीन, ते एकदा येऊन सांगा, कारण सिमेंट कालवून झाले आहे.